घरून आलेला निरोप

स्टॅनली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटात दोन वाढदिवस आहेत. पहिला एका चिमुरडीचा. तिचे वडील, डॉ. हेवूड फ्लॉइड, चंद्राकडे निघाले आहेत आणि वाटेत पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर थांबले आहेत. तिथल्या फोनच्या खोलीतून ते घरी फोन लावतात. पडद्यावर मुलगी दिसते. ती सारखी चुळबुळ करते, वाढदिवसाला काय हवं ते सांगते, आणि आपल्याला येता येणार नाही हे बाबा तिला समजावतात. फोन ठेवल्यावर बिलाचा आकडा दिसतो : १ डॉलर ७० सेंट. दुसरा वाढदिवस फ्रँक पूल या तरुण अंतराळवीराचा. तो गुरू ग्रहाच्या वाटेवर आहे. आईवडील केक समोर ठेवून कॅमेऱ्याकडे बघत बोलतात, घरची खबरबात देतात, वाढदिवसाचं गाणं म्हणतात. पूल दिव्याच्या उन्हात उताणा पडलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. निरोप संपतो आणि तो संगणकाला सांगतो, उशाकडची बाजू जरा खाली कर.

दोन्हीकडे माणसं तीच, माया तीच. मध्ये फक्त अंतर वाढलं आहे. स्थानक पृथ्वीच्या जवळ आहे, तिथून बोललेलं लगेच पोचतं. गुरूच्या वाटेवर तसं होत नाही. त्याच चित्रपटात बीबीसीवरच्या मुलाखतीचा एक प्रसंग आहे. निवेदक सांगतो की आमचे शब्द यानापर्यंत पोचायला सात मिनिटं लागली आणि मधल्या थांबण्याच्या जागा प्रसारणाआधी कापून टाकल्या आहेत. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सात मिनिटांत साधारण तेरा कोटी किलोमीटर. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला चौदा मिनिटं लागत असतील तर गप्पा होत नाहीत. दोन्हीकडून भाषणं होतात. पूलचा थंडपणा पाहून कुब्रिकची पात्रं निर्जीव आहेत अशी तक्रार गेली पन्नासहून अधिक वर्षं होत आली आहे. पण तो थंडपणा त्या अंतरातून आला आहे. मुलगा काय उत्तर देणार? आणि कोणाला? म्हणूनच अंतराळपट पाहण्याजोगा आहे की नाही हे ठरवताना यानं, स्फोट आणि परग्रहवासी क्षणभर बाजूला ठेवावेत आणि घरून आलेला निरोप त्यात कसा पोचतो तेवढं पाहावं, असं माझं म्हणणं आहे. अंतराळ या शब्दातच अंतर आहे. ते अंतर ज्या चित्रपटाला जाणवलं, तो टिकला.

सुरुवातीच्या चित्रपटांना ते जाणवणं शक्यच नव्हतं. जॉर्ज मेलिएसच्या १९०२ सालच्या ‘अ ट्रिप टू द मून’मध्ये तोफेतून उडालेला गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो, प्रवासाला जागाच नाही. ती गंमत आजही ताजी वाटते, पण ते जादूगाराचं अंतराळ आहे. फ्रिट्झ लांगने १९२९ साली ‘वूमन इन द मून’ काढताना हेरमान ओबेर्थ या रॉकेटतज्ज्ञाला सल्लागार म्हणून घेतलं, टप्प्याटप्प्याने सुटणारं रॉकेट दाखवलं आणि उड्डाणाआधीची उलटी मोजणी पडद्यावर आणली. पुढे खऱ्या अंतराळ केंद्रांवरही तशीच मोजणी ऐकू येऊ लागली. तरी प्रवासाचा खरा वेळ, त्यातला कंटाळा आणि एकटेपणा पडद्यावर यायला कुब्रिक आणि लेखक आर्थर सी. क्लार्क यांची जोडी लागली. माणूस चंद्रावर उतरण्याच्या पंधरा महिने आधी हा चित्रपट आला, आणि त्यात यानाबाहेर आवाज नाही. कानावर येतो तो हेल्मेटमधला श्वास, किंवा काहीच नाही.

‘२००१’ हा पाहायलाच हवा अशा चित्रपटांत पहिला का, हे त्यामुळे कळतं. मात्र तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला जड जातो हेही खरं. पहिली पंचवीसेक मिनिटं एकही संवाद नाही. सावकाशपणाची ही अडचण आंद्रेई तारकोव्हस्कीच्या ‘सोलारिस’ला (१९७२) त्याहून जास्त लागू पडते. स्तानिस्लाव लेमच्या १९६१ सालच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. पहिला बराच भाग तर पृथ्वीवरच घडतो : तळं, पाण्यात हलणारं शेवाळ, पाऊस, वडिलांचं लाकडी घर. मग टोकियोच्या उड्डाणपुलांवरून धावणाऱ्या मोटारीचा कित्येक मिनिटांचा प्रवास. अंतराळपट पाहायला आलेल्या माणसाला हे सगळं कशासाठी, असं वाटणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. पण पुढे नायक केल्विन सोलारिस ग्रहाच्या स्थानकावर पोचतो तेव्हा तिथला एक शास्त्रज्ञ त्याला एक युक्ती सांगतो. कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि हवेच्या झरोक्याला चिकटवायच्या. रात्री डोळे मिटले की पानांची सळसळ ऐकू येते. एवढंच. आधीचा तो पाऊस, ती पानं, ते शेवाळ पाहताना आपण चुळबुळ केलेली असते, म्हणून ही कागदी सळसळ काळजाला भिडते. घर आधी डोळे भरून दाखवलं नसतं तर ते किती दूर राहिलं हे कळलंच नसतं. तारकोव्हस्कीला कुब्रिकचा चित्रपट थंड आणि खोटा वाटला होता, आणि खुद्द लेमला तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ पटला नव्हता. आपल्या कादंबरीतलं परकं विश्व बाजूला पडून घरच्या आठवणींचीच गोष्ट झाली, अशी त्याची तक्रार होती. लेखक म्हणून ती रास्त आहे. तरी प्रेक्षक म्हणून मी तारकोव्हस्कीच्या बाजूने आहे.

अंतराच्या या कसोटीवर सर्वांत मोठा आक्षेप ‘स्टार वॉर्स’चा. जॉर्ज लुकासच्या १९७७ सालच्या त्या चित्रपटात अंतराला काडीची किंमत नाही. तरफ ओढली की तारे रेषांसारखे ताणले जातात आणि यान दुसऱ्या सूर्यमालेत हजर. निर्वात पोकळीत इंजिनं गुरगुरतात, स्फोट दणाणतात. लढाईच्या दृश्यांची जुळणी करताना लुकासने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींचे तुकडे नमुन्याला घेतले होते, त्यामुळे ती यानं विमानांसारखीच वळतात. इतकं करूनही जगातला हा सर्वांत लाडका अंतराळपट आहे. मग अंतराचा सिद्धांत कुठे गेला? मला वाटतं, ‘स्टार वॉर्स’ हा राजकन्या, दुष्ट सरदार आणि म्हातारा गुरू यांची परीकथा सांगणारा चित्रपट आहे. अंतराळ त्याला परीकथेतल्या रानासारखं लागतं, आणि परीकथा म्हणून तो अव्वल आहे. तो पाहू नये असं कोणीच म्हणणार नाही. पण त्यातली मनात राहून गेलेली दृश्यं आठवून पाहावीत. गोष्ट सुरू होते ती यंत्रमानवाच्या पोटात दडवलेल्या निरोपाने. मदत मागणारी राजकन्या लिया प्रकाशाच्या थरथरत्या आकृतीतून पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलते. आणि दुसरं दृश्य, ओसाड ग्रहावर मावळणारे दोन सूर्य बघत उभा राहिलेला शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. सगळ्या धामधुमीत लुकास दोनदाच थांबला, आणि दोन्ही वेळा दूरच्या गोष्टीसाठी थांबला.

दोन वर्षांनी रिडली स्कॉटचा ‘एलियन’ आला. भयपट म्हणून तो गाजला, पण त्याची मांडणी निरोपांच्या साखळीवर उभी आहे. खनिज वाहून नेणाऱ्या ‘नोस्त्रोमो’ या मालवाहू यानावरची सात माणसं दीर्घ झोपेतून जागी होतात. घर जवळ आलं अशी त्यांची समजूत. जेवताना यंत्रविभागातले दोघं बोनसवरून कुरकुर करतात. एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चालावं तसं बोलणं. मग कळतं की पृथ्वी अजून दहा महिने लांब आहे आणि एका अनोळखी हाकेमुळे संगणकाने वाटेतच त्यांना उठवलं आहे. ती मदतीची हाक समजून ते उतरतात. ती मुळात इशारा होती हे उशिरा उमगतं. आणि कंपनीचा खरा निरोप, म्हणजे तो प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील, हा त्यांच्यापासून लपवलेला असतो. ‘एलियन’मधली खरी भीती त्या प्राण्याच्या दातांत जेवढी आहे तेवढीच त्या दहा महिन्यांत आहे. तोच प्राणी एखाद्या बंदरावरच्या गोदामात असता तर नायिका रिप्लीने दार उघडून धूम ठोकली असती आणि चित्रपट वीस मिनिटांत संपला असता.

रॉबर्ट झेमेकिसचा ‘काँटॅक्ट’ (१९९७), कार्ल सेगनच्या कादंबरीवरचा, पूर्ण पाहायला सवड नसेल तर त्याची पहिली तीन मिनिटं तरी पाहावीत. कॅमेरा पृथ्वीपासून मागे मागे जातो. सुरुवातीला चित्रपटाच्या काळातल्या रेडिओ-टीव्हीचा गलबला. मंगळ, गुरू, शनी मागे पडतात तसे कार्यक्रम जुने होत जातात, कारण दूरवर पोचलेल्या लहरी आधी निघालेल्या असतात. पुढे खरखर, आणि मग काहीच नाही. आकाशगंगा शांतपणे फिरत राहते. ग्रहांजवळ ऐकू येणारे कार्यक्रम हिशेबाने फारच जुने आहेत, तिथवर रेडिओलहर तास-दीड तासात पोचते. पण एवढी सूट दिली तर विश्वाचं मोजमाप आवाजाने करून दाखवणारं याच्या तोडीचं दृश्य मला तरी आठवत नाही. पुढे अभिजित ताऱ्याकडून उत्तर येतं आणि त्यात आपलंच एक जुनं प्रसारण परत आलेलं असतं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचं, पडद्यावर हिटलर. परक्यांना त्याचा अर्थ माहीत नाही. ऐकू आलं, एवढंच त्यांना कळवायचं आहे. निरोप पाठवणाऱ्याचा हेतू एक आणि पोचतो तो दुसराच, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडलं गेलं असेल.

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘इंटरस्टेलर’ने (२०१४) अंतरात वेळही मिसळला. पाण्याने झाकलेल्या एका ग्रहावर, कृष्णविवराच्या जवळ, एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. हिशेब केला तर तिथल्या एका सेकंदात इथले सतरा तास जातात. नायक कूपर तिथून तीनेक तासांनी यानावर परततो तोवर पृथ्वीवर तेवीस वर्षं उलटलेली असतात आणि साठलेले निरोप त्याची वाट पाहत असतात. तो खुर्चीत बसतो आणि लावतो. मुलगा मिसरूड फुटलेला, मग लग्न झालेला, मग बाळ दाखवणारा, मग आजोबा गेल्याचं सांगणारा, शेवटी तुम्ही ऐकत नाही आहात असं मानून निरोप थांबवणारा. इकडून उत्तर जात नाही. कूपर रडतो आणि पुढचा निरोप लावतो. फ्रँक पूलच्या कोरड्या चेहऱ्याच्या बाजूला हा चेहरा ठेवून पाहा. सेहेचाळीस वर्षांच्या फरकाने दोन दिग्दर्शक एकाच अंतराबद्दल बोलत आहेत, एक न रडता आणि एक रडून. या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी. कृष्णविवराचं दृश्य त्यांच्या समीकरणांवरून संगणकाने रेखाटलं आणि त्यावर शोधनिबंधही निघाला.

मराठी वाचकाला वेळ असा मंदावण्याची ही कल्पना नवी वाटू नये. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने जी पहिली विज्ञानकथा पाठवली तिचं नावच ‘कृष्णविवर’ होतं, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्याही मागे, भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, गंधर्वांचं गाणं चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं निघून गेलेली असतात. मनातली सगळी स्थळं, त्यांची मुलंनातवंडंसुद्धा राहिलेली नाहीत. यावरून आपल्या पूर्वजांना सापेक्षता सिद्धांत ठाऊक होता असं काढू नये. ते पूर्वजांवरही आणि आइन्स्टाइनवरही अन्याय करणारं आहे. परत येईपर्यंत घर राहणार नाही, ही धास्ती मात्र माणसाइतकीच जुनी आहे, आणि आइन्स्टाइनने तिला गणित दिलं. ‘इंटरस्टेलर’चा शेवट मला त्यामुळेच खटकतो. पुस्तकांच्या कपाटामागून बाप मुलीशी बोलू शकतो, प्रेम काळाच्याही पार जातं, असं म्हणत नोलन मघाचं अंतर मिटवून टाकतो. त्या खुर्चीत बसलेल्या कूपरने जे कमावलं ते शेवटच्या अर्ध्या तासात हातचं जातं. तरी त्या एका प्रसंगासाठी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावा.

आता विज्ञानाच्या चुकांचा आक्षेप. अंतराचा एवढा आग्रह धरायचा तर चुका कशा चालतात? मला वाटतं, प्रत्येक चूक सारखी नसते. ‘द मार्शियन’ची (२०१५) सुरुवातच चुकीवर होते. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वादळ यान कलंडवू शकत नाही. पण ती चूक मार्क वॉटनीला तिथे एकटं सोडण्यापुरती आहे. त्यानंतर चित्रपट अंतराशी प्रामाणिक राहतो. १९९७ साली मंगळावर उतरलेलं खरंखुरं ‘पाथफाइंडर’ यान तो वाळूतून उकरून काढतो. त्या यानाला बोलता येत नाही, फक्त कॅमेरा फिरवता येतो. मग वॉटनी भोवती गोलाकार पाट्या रोवतो, सोळा चिन्हांच्या, आणि पृथ्वीवरून कॅमेरा ज्या पाटीकडे वळवतात ती वाळूत लिहून घेत एकेक अक्षर जुळवतो. प्रत्येक प्रश्नामागे मिनिटांची वाट. मंगळ जवळ असताना संदेशाला तीनेक मिनिटं लागतात, लांब असताना बावीस. याउलट अल्फान्सो क्वारोनच्या ‘ग्रॅव्हिटी’ची (२०१३) चूक मला जास्त सलते. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय स्थानक यांच्या कक्षांची उंचीही वेगळी आणि कलही वेगळा. पाठीवरच्या छोट्या इंजिनाच्या जोरावर एकीकडून दुसरीकडे जाणं म्हणजे अंतरच खोटं पाडणं. तरी ‘ग्रॅव्हिटी’ टाकून देता येत नाही, आणि कारण पुन्हा निरोपच आहे. बंद पडलेल्या यानात एकटी राहिलेली डॉ. रायन स्टोन रेडिओ फिरवते आणि एक आवाज लागतो. ग्रीनलंडमधला कुणी माणूस; त्याला तिची भाषा येत नाही, तिला त्याची. मागे कुत्री भुंकतात, तान्हं बाळ रडतं. ती त्या कुत्र्यांबरोबर हू-हू करते. पृथ्वी खाली चारशेएक किलोमीटरवर, म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगरपेक्षा थोडी लांब, आणि घरचा असा आवाज येतो की शब्द कळत नाही, बाळाचं रडणं तेवढं कळतं. दिग्दर्शकाचा मुलगा होनास क्वारोन याने हाच संवाद बर्फावरच्या त्या माणसाच्या बाजूने ‘आनिंगाक’ या छोट्या चित्रपटात दाखवला आहे. ‘ग्रॅव्हिटी’ पाहिल्यावर तोही जरूर पाहावा.

शेवटचा आक्षेप समंजस माणूस घेईल : ही सगळी बापलेकांची आणि घरादाराची रडगाणी असतील तर त्यासाठी गुरूपर्यंत जायचं कशाला? विरह काय मुंबईत नाही? आहे. पण पृथ्वीवरच्या विरहात कुठेतरी कोणाचा तरी दोष असतो. गरिबी, नोकरी, रागरुसवा, सरकारी परवाना. आणि आता तर हातातल्या फोनवर अमेरिकेतला नातू दिसतो, त्यामुळे वाट पाहणं ही गोष्टच आपण विसरत चाललो आहोत. अंतराळातल्या उशिराला कोणी जबाबदार नाही. प्रकाशाचा वेग कुणाच्या ओळखीने वाढत नाही. तिथे माणसाला अंतर स्वीकारूनच माया टिकवावी लागते, आणि ती टिकते का हे पाहायला चित्रपटासारखं साधन नाही. टिकत नाही, असंही उत्तर येऊ शकतं. ‘आनियारा’ हा २०१८ सालचा स्वीडिश चित्रपट, हॅरी मार्टिनसनच्या १९५६ सालच्या दीर्घकाव्यावरचा, ते उत्तर देतो. मंगळावर तीन आठवड्यांत पोचणारं प्रवासी यान वाट चुकतं आणि परत वळू शकत नाही. यानावर ‘मिमा’ नावाचं यंत्र प्रवाशांना पृथ्वीच्या आठवणी दाखवतं : झाडं, पाणी, पाखरं. लोकांची रांग लागते. इतक्या माणसांचं दुःख झेलता झेलता ते यंत्रच मोडून पडतं. उदास मनाने हा चित्रपट पाहू नये. हिंदीत आरती कडवचा ‘कार्गो’ २०२० साली नेटफ्लिक्सवर आला, थोडक्या खर्चात केलेला; ‘पुष्पक’ नावाच्या यानावर मेलेली माणसं येतात आणि पुढच्या जन्माला धाडण्याआधी त्यांची आठवण पुसली जाते. घरचा निरोप पुसण्याचीच ती नोकरी. चित्रपट काही जागी अडखळतो, पण कल्पना अस्सल आणि इथल्या मातीतली आहे.

कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी ‘२००१’चं नाव घेणार नाही. डंकन जोन्सचा ‘मून’ (२००९) आधी पाहावा. चंद्रावर हेलियम-३ काढणाऱ्या खाणीवर सॅम बेल नावाचा एकच माणूस तीन वर्षांच्या करारावर आहे. थेट संपर्काचा उपग्रह बिघडला आहे असं त्याला सांगितलेलं आहे, म्हणून बायकोचे निरोप ध्वनिचित्रमुद्रित होऊन येतात. ते तो पाहतो, झाडांना पाणी घालतो, लाकडातून छोटं गाव कोरतो, दिवस मोजतो. त्या निरोपांचं पुढे काय होतं ते इथे सांगणं पाप ठरेल, म्हणून सांगत नाही. सॅम रॉकवेलने जवळजवळ एकट्याने हा चित्रपट पेलला आहे, आणि चंद्रावरच्या गाड्या संगणकावर न करता छोट्या प्रतिकृती बनवून चित्रित केल्या आहेत. रात्री घर निजल्यावर, दिवे मालवून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो पाहा. दीड तासाहून थोडासाच मोठा आहे.